मदत हवी आहे: आठ माणसं, एक कॅम्पर व्हॅन आणि कच्छचा किनारा (मांडवी ते लखपत), जमंल का?

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. आम्ही सोलापूरची आठ डोकी २५ डिसेंबरला कच्छला निघतोय. मी, बायको, नववीतली लेक, सासरे (मामा, वय ७१), मावससासूबाई (मावशी), एक मित्र, वहिनी आणि माझा भाचा. मित्राच्या घरी नंदीध्वजाचा मान आहे, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेआधी सराव असतो त्यामुळं त्याला ४ जानेवारीला काय वाट्टेल ते झालं तरी सोलापुरात पाय ठेवायचाय, ही अट आधीच सांगून ठेवतो.

आम्हाला पांढरं रण, तंबू, फोटो यात फार रस नाही, तिथं त्या दिवसांत गर्दी असते. आम्हाला हवाय किनारा. मांडवीत दोन मुक्काम, मग नलियाच्या बाजूनं पिंगलेश्वर, पुढं कोटेश्वर-नारायण सरोवर आणि शेवटी लखपत. येताना माता नो मढला मावशींना आशापुरा मातेचं दर्शन आणि भूजवरून परत. नुसतं सोलापूर-भूजच बाराशे किमीच्या पुढंमागं होतंय, म्हणून वाटलं की कॅम्पर घेतली तर हॉटेलं शोधत बसायला नको. ओळखीतनं एक जण मिळाला, त्यानं टेम्पो ट्रॅव्हलर आतनं बदलून घेतलीय, ओटा, फ्रिज, छोटा संडास, छताला एसी, सगळं. दिवसाच्या भाड्यावर देतो, गाडी आपणच चालवायची.

आता गोची अशी की व्हॅनमधे झोपतात पाच आणि आम्ही आठ. दोन तंबू घेऊ म्हणलं. मागच्या शनिवारी ट्रायल म्हणून हिप्परग्याच्या तलावाकाठी एक रात्र काढली आणि तिथंच निम्मी हवा गेली. भाच्यानं एसी लावला, दीड वाजता इन्व्हर्टर जो टी टी करून बोंबलायला लागला तो सगळी उठेपर्यंत. मामांना वरच्या बर्थवर चढता येईना, मी मागनं ढकलतोय आणि ते वरनं शिव्या घालतायत. मावशींनी आतला संडास वापरायला साफ नकार दिला, "पत्र्यापलीकडं जावई झोपलाय आणि मी इथं बसू होय?" रात्री दोनदा बॅटरी घेऊन झाडीत गेल्या. सकाळी संडासाची पेटी कुणी रिकामी करायची यावर नाणं उडवलं, भाचा हरला. शंभर लिटरची टाकी नऊच्या आत कोरडी. आपण चार-पाच दिवसाआड पाणी भरणारी माणसं, घरी तांब्या-तांब्याचा हिशोब ठेवतो, पण बटण दाबल्यावर पाणी येतंय म्हणलं की हात सैल सुटतो.

तर विचारायचं असं की मांडवीच्या पुढं रात्री गाडी लावून झोपता येईल अशा जागा आहेत का, का बीएसएफवाले उठवतात? पाणी कुठं भरायचं? भाचा म्हणतोय बीचवर गाडी थेट पाण्याजवळ न्यायची, मला ते पटत नाहीये पण मी नको म्हणलं की घाबरट ठरतो. आणि एसीचं काय करायचं? (गुजरातमधे दारूबंदी आहे हे मित्राला अजून पचलेलं नाहीये, त्यावर सल्ले नकोत.)

कच्छीदाबेली:
माझी गांधीधामला अकरा वर्षं नोकरी झाली, म्हणून लिहितो. भाच्याला सांगा घाबरटच बरा. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असतो, कांडल्याकडं तर सहा-सात मीटरच्या घरात, आणि किनारा सपाट, त्यामुळं पाणी दिसेनासं होईल इतकं आत जातं आणि येताना चालत नाही, पसरत येतं. २०२४ च्या जूनमधे मुंद्र्याकडं दोन जीपा अशाच स्टंटमधे समुद्रात अडकल्या, पोलीस केस झाली. त्या फोर बाय फोर होत्या. तुमची ट्रॅव्हलर रिकामीच काही टनांची, तिला कोण ओढणार? आणि वाळूपेक्षा वाईट म्हणजे खाऱ्या जमिनीची पापडी. वरनं पांढरी, कडक, बुटानं ठोकली तर खण्ण वाजते, खाली मऊ चिखल. डांबर सोडू नका, विषय संपला.

मुक्काम मांडवीत कुठल्याही रिसॉर्टच्या आवारात विचारून लावा, एखादी खोली घेतली तर नाही म्हणत नाहीत. तिथं रुक्मावतीच्या काठी लाकडी जहाजं बांधतात ती मामांना दाखवा, दोन तास हलणार नाहीत. पुढं कोटेश्वर-लखपत ही सरहद्दीची बाजू आहे, किनाऱ्यावर उघड्यावर झोपायचा विचारच सोडा. नारायण सरोवरला धर्मशाळा आहे, तिथंच राहा, कोटेश्वर तिथनं हाकेच्या अंतरावर. लखपत दिवसा बघा. १८१९ च्या भूकंपानं सिंधूचं पाणी तिकडं यायचं थांबलं आणि भरलेलं बंदर ओस पडलं, आता लांबच लांब तटबंदी आणि आत मूठभर घरं. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, जेवून घ्या. डिझेल आणि पाणी नलियात फुल्ल करा, पुढं भरवसा नाही, फोनची रेंजपण जाते-येते. आणि थंडी! गुजरातमधे सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा नलियाचंच असतं. एसी विसरा, चादरी न्या, तुमच्याकडं काय कमी आहेत होय.

उंटावरचा_शहाणा:
एसीचं गणित सोपंय. बॅटरी २०० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्ट धरली तर २४०० वॉट-तास. एक टनाचा एसी हजार वॉट तरी ओढतो, म्हणजे दोन तास, तेही बॅटरी लिथियमची असंल तर. साधी लेड अ‍ॅसिड असंल तर निम्मीच वापरायची असते, एक तासात कार्यक्रम आटोपला. पंखा आणि फ्रिज रात्रभर चालतील.

पण मला दुसरंच विचारायचंय. गाडीची नंबर पाटी कुठल्या रंगाची आहे?

शेंगाचटणी:
पांढरी. का?

उंटावरचा_शहाणा:
मग थांबा दादा. भाड्यानं स्वतः चालवायला देतात त्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढरी म्हणजे खाजगी, ती पैसे घेऊन देताच येत नाही. काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा हेच काढणार आणि मालक म्हणणार मी ओळखीत दिली होती. दुसरं, आतनं बदल केलेत ते आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) चढवलेत का बघा. सुप्रीम कोर्टानं २०१९ मधेच सांगितलंय की कंपनीच्या मूळ बनावटीत मनानं फेरफार चालणार नाहीत. तुमच्या लायसन्सची काळजी नको, साडेसात टनाच्या आतल्या गाडीला एलएमव्ही (हलक्या गाडीचं लायसन्स) चालतं, २०२४ चा निकाल आहे. घोडं अडलंय ते गाडीच्या कागदात.

शेंगाचटणी:
सगळ्यांचे आभार, आत्ता मालकाला फोन करून आलो. आरसीवर काहीच चढवलेलं नाही. म्हणे "कोण विचारतंय साहेब, विचारलंच तर साडूची गाडी म्हणायचं." मामा शेजारीच बसलेले, त्यांनी फोन काढून घेतला आणि म्हणले, "सत्तर वर्षांत मला दुसरा जावई नाही, आता हा साडू कुठनं आणू?" ॲडव्हान्स पाच हजार अडकलाय, तो सुटंल तेव्हा सुटंल.

आता ठरतंय ते असं की पिवळ्या पाटीची, ऑल इंडिया परमिटवाली साधी ट्रॅव्हलर ड्रायव्हरसकट घ्यायची, पाच किलोचा सिलेंडर आणि एक शेगडी बरोबर, झोपायला मांडवीत खोल्या आणि नारायण सरोवरला धर्मशाळा. लेक रुसलीय, तिनं वर्गात कॅम्पर म्हणून सांगून ठेवलंय. मावशी खूष आहेत, कारण संडासाला भिंत असणार.

तर उरलेला प्रश्न एवढाच: दहा दिवसांसाठी ड्रायव्हरचा भत्ता सध्या काय चाललाय आणि त्याच्या झोपायची सोय आपण करायची असते का? सोलापूर-पुण्याकडचा कुणी खात्रीचा गाडीवाला माहीत असंल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. मामांनी साठ कडक भाकऱ्यांची ऑर्डर देऊनपण टाकलीय, त्या टिकतात, गाडी कुठलीबी ठरो.