महिला क्लबसाठी स्टेडियम: मोठ्यात जागा मागावी की छोटं स्वतःचं बांधावं?

मधली_फळी

गेल्या काही वर्षांत महिला क्लब फुटबॉलमध्ये तीन वेगवेगळे मार्ग दिसतात. आर्सेनलच्या महिला संघाने बोरहॅमवुडचं छोटं मैदान मागे ठेवलं आणि 2025-26 पासून लीगचे सगळे घरचे सामने पुरुष संघाच्या मोठ्या एमिरेट्स स्टेडियमवर नेले. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी करंट या महिला क्लबने मार्च 2024 मध्ये 11,500 आसनांचं स्वतःचं स्टेडियम उघडलं. एव्हर्टनचा पुरुष संघ नव्या जागी गेला आणि जुनं गुडिसन पार्क महिला संघाला मिळालं. बार्सिलोना तर दोन्हीकडे आहे: एप्रिल 2022 मध्ये वोल्फ्सबर्गविरुद्ध कॅम्प नोऊवर 91,648 प्रेक्षक, पण नेहमीचं घर 6,000 आसनांचं योहान क्रायफ मैदान.

क्लब वाढवायचा असेल तर यातला कोणता मार्ग धरावा? भावनेपलीकडे जाऊन गर्दी, गवत, वेळापत्रक, इमारत यांचा हिशेब कसा मांडायचा, हे जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड

आसनसंख्या दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न असा की मैदानाच्या तारखांवर पहिला हक्क कोणाचा?

महिला फुटबॉलचा इतिहास याच प्रश्नावर अडला होता. 26 डिसेंबर 1920 रोजी गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ आणि ‘सेंट हेलन्स’ या दोन महिला संघांचा सामना 53,000 लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदानं न देण्यास सांगितलं. महिलांना खेळण्यापासून थेट अडवणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून मैदान काढून घेतलं. तेवढं पुरलं. ही बंदी उठायला जवळपास अर्धं शतक गेलं, आणि त्या काळात प्रेक्षक, तिकीट, जाहिरात हे सगळं पुरुषांच्या खेळाभोवती उभं राहिलं. म्हणून आज गुडिसन पुन्हा महिला संघाचं घर झालं आहे याचं मोल फार मोठं आहे.

आता हिशेब. मोठं स्टेडियम उघडण्याचा खर्च प्रेक्षकांच्या प्रमाणात कमी होत नाही. दिवे, नियंत्रण कक्ष, वैद्यकीय पथक, प्रवेशद्वारांवरची माणसं हे सगळं 8,000 लोकांसाठीही लागतंच. यावर उपाय म्हणजे फक्त खालचा मजला उघडणं, आणि त्यातही मुख्य कॅमेऱ्यासमोरचा स्टँड आधी भरणं. चारही बाजूंनी तिकिटं विकली तर 60,000 च्या स्टेडियममध्ये 9,000 माणसं विखुरतात, आवाज मरतो, आणि पडद्यावर रिकाम्या खुर्च्या दिसतात. तेच 9,000 दोन सलग ब्लॉकमध्ये बसले तर सामना वेगळाच वाटतो. वरचा मजला केव्हा उघडायचा हे आधीच ठरवून ठेवा. खालचा साधारण 80-85 टक्के विकला गेला की उघडा, आधी नको.

फुकट तिकिटं वाटून आकडा फुगवू नये. फुकट तिकीट घेतलेला माणूस पाऊस आला की येत नाही, पण त्याच्या नावाची खुर्ची अडलेली असते आणि पैसे मोजायला तयार असलेल्याला ती मिळत नाही. तिकीट स्वस्त ठेवा, पण किंमत ठेवा.

आर्सेनलने पायरीपायरीने काम केलं. आधी हंगामात मोजके सामने मोठ्या मैदानावर, तेही ओळखीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. सप्टेंबर 2022 मध्ये टॉटनहॅमविरुद्ध 47,367, फेब्रुवारी 2024 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध 60,160. मग सामन्यांची संख्या वाढवत नेली आणि शेवटी सगळी लीग तिथे नेली. उलट क्रमाने, म्हणजे पहिल्याच वर्षी सगळे सामने मोठ्या मैदानावर, असं केलं तर मंगळवार-बुधवारच्या रात्रीच्या सामन्यांना स्टँड रिकामे राहतात.

गवत_आणि_माती

वरच्या प्रतिसादातला तारखांचा मुद्दा गवताच्या बाजूने पाहिला तर आणखी महत्त्वाचा आहे.

छोटी मैदानं छोटी असल्यामुळे खराब होत नाहीत. एकाच गवतावर महिला संघ, राखीव संघ, अकादमी आणि कधी कधी दुसरा भाडेकरू क्लब, असे सगळे नाचतात म्हणून होतात. नैसर्गिक गवताला आठवड्याला मोजकेच तास झेपतात. पावसाळी हिवाळ्यात तेही कमी होतात, कारण थंडीत रायगवताची (अशा मैदानांवर लावतात त्या गवताची) वाढ जवळजवळ थांबते आणि उखडलेली जागा भरून येत नाही. मार्च 2025 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत आर्सेनल रेआल माद्रिदच्या आल्फ्रेदो दि स्तेफानो मैदानावर 0-2 ने हरलं, तेव्हा त्या चिखलाळ, उखडलेल्या पृष्ठभागावर सगळीकडून टीका झाली. परतीचा सामना एमिरेट्सवर 3-0 ने जिंकून आर्सेनल पुढे गेलं आणि त्या वर्षी चषकही जिंकलं.

मोठ्या स्टेडियममध्ये बहुधा हायब्रिड गवत असतं: नैसर्गिक गवतात साधारण 20 मिलिमीटर अंतरावर कृत्रिम धागे सुमारे 180 मिलिमीटर खोल शिवलेले. हे धागे मुळांना धरून ठेवतात, त्यामुळे वळताना मातीचा अख्खा गोळा सुटत नाही. मात्र उंच स्टँडमुळे सावली पडते, म्हणून गवत वाढवणारे चाकांवरचे दिवे रात्रंदिवस फिरवावे लागतात. महिला संघ छोट्या पण उघड्या मैदानावर असेल तर दिव्यांचा खर्च वाचतो. तो पैसा हायब्रिड गवत आणि निचऱ्यात घालावा.

दुसरी गोष्ट, जमिनीखालचं तापवणं. 22 जानेवारी 2023 रोजी चेल्सीच्या महिला संघाच्या किंग्जमेडो मैदानावर चेल्सी-लिव्हरपूल सामना गोठलेल्या मैदानामुळे सहाव्या मिनिटाला थांबवून रद्द करावा लागला. तंबू टाकून गरम हवा सोडली होती, तरीही. कारण गरम हवेने वरचा थर मऊ होतो, खालची माती दगडासारखी राहते, आणि हिवाळ्यातला सूर्य खाली असल्याने स्टँडच्या सावलीतला पट्टा तर वितळतच नाही. एक पाऊल मऊ जागी, दुसरं टणक जागी पडणं गुडघ्यासाठी सगळ्यात वाईट. खरा उपाय म्हणजे 25-30 सेंटिमीटर खोल नळ्यांतून फिरणारं गरम पाणी. तेही आदल्या संध्याकाळी चालू करून भागत नाही. मातीला गरम व्हायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून हवामानाचा अंदाज पाहून आधीच सुरू करायचं आणि वर आच्छादन घालायचं. नवं मैदान बांधत असाल तर या नळ्या पहिल्याच दिवशी घाला. नंतर घालायच्या म्हणजे अख्खं मैदान खणणं आलं.

मोठं मैदान वाटून घेताना मध्ये किती तास मिळतात ते पाहा. इंग्लंडमध्ये 2025-26 पासून महिलांचे बरेच सामने रविवारी दुपारी 12 ला असतात. पुरुषांचा सामना शनिवारी साडेपाचला असेल तर तो साडेसातला संपतो. हातात साडेसोळा तास, त्यातली बहुतेक रात्र. तेवढ्यात उखडलेले तुकडे बसवायचे, वाळू-बी भरायचं, कापणी, रेषा, स्टँडची सफाई, जाहिरातफलक बदलणं. एकदा जमतं, दर आठवड्याला नाही. त्यात पुरुषांच्या सामन्यांची वेळ दूरदर्शन वाहिन्या नंतर बदलतात आणि महिलांची तारीख ढकलली जाते. करारातच लिहून घ्या की ठरलेली तारीख बदलायची असेल तर किती आठवडे आधी कळवायचं.

पूर्व_स्टँड

इमारतीकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहिते.

पुरुषांच्या सामन्यांसाठी बांधलेली जुनी स्टेडियमं पुरुष प्रेक्षक गृहीत धरून बांधली आहेत. महिलांच्या सामन्याला बायका आणि मुलं खूप जास्त असतात. मध्यंतर 15 मिनिटांचं. एका शौचालय कक्षात एकीला दीड मिनिट धरलं तर मध्यंतरात एका कक्षातून 10 जणी जातात. एका स्टँडमध्ये 1,500 स्त्रिया असतील आणि त्यातल्या तिसरा हिस्सा एकाच वेळी उठला तर 50 कक्ष हवेत. बऱ्याच जुन्या स्टँडमध्ये याच्या निम्मेही नसतात. सामन्यापुरती पुरुषांची काही प्रसाधनगृहं स्त्रियांना देता येतात, पण नुसता फलक बदलून नाही: मुतारीचा भाग झाकायचा, प्रत्येक कक्षात सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची कचरापेटी ठेवायची, दाराशी माणूस उभा करायचा.

प्रवेशद्वारांचंही तसंच. इंग्लंडच्या स्टेडियम-सुरक्षा मार्गदर्शिकेत एका टर्नस्टाइलमधून (एकेकाला आत सोडणारं फिरतं फाटक) तासाला जास्तीत जास्त 660 माणसं धरतात. 12,000 लोक तासाभरात आत घ्यायचे तर निदान 19 टर्नस्टाइल. बाबागाडी, दोन मुलं आणि पिशवीतला डबा असं कुटुंब या वेगाने आत जात नाही. त्यांच्यासाठी रुंद फाटक वेगळं ठेवा, नाहीतर मागची अख्खी रांग अडते आणि लोक सुरुवातीची वीस मिनिटं बाहेरच घालवतात.

खेळाडूंच्या बाजूने: सामायिक शॉवरऐवजी आडोसे असलेले शॉवर, पुरेसे शौचालय कक्ष, आणि फिजिओसाठी दार बंद होईल अशी खोली. पाहुण्या संघाच्या खोलीतही हेच हवं. तिथेच काटकसर होते.

मधली_फळी

तिन्ही प्रतिसाद उपयोगी, आभार. समजा कॅन्सस सिटीसारखं छोटं स्वतःचं मैदान घ्यायचं ठरवलं, 10-12 हजारांचं. पण पुढे प्रेक्षक वाढले तर? वरती वाढवता येईल असं बांधताना काय पाहायचं?

पूर्व_स्टँड

दृष्टिरेषा. पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला किती दिसतं ते मोजतात, त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात. 90 मिलिमीटर चांगली, 60 च्या खाली जाऊ नये. सूत्र सोपं आहे: सी = डी × (एन + आर) ÷ (डी + टी) − आर. डी म्हणजे पुढच्याच्या डोळ्यापासून टचलाइनपर्यंतचं (मैदानाच्या बाजूच्या रेषेपर्यंतचं) आडवं अंतर, आर म्हणजे तिथपासून डोळ्याची उंची, एन पायरीची उंची, टी पायरीची खोली.

समजा डी 12 मीटर, आर 3 मीटर, एन 0.30, टी 0.80. सी येते 94 मिलिमीटर. त्याच उताराने पंधरा रांगा वर गेलात तर डी 24, आर 7.5, आणि सी उरते 48. तिथे बसलेल्याला जवळची टचलाइन नीट दिसत नाही, आणि समोर उंच माणूस आला तर मुलाला फारच कमी दिसतं. तिथली पायरी 0.35 केली की सी पुन्हा 97 होते. म्हणून पुढे वर रांगा वाढवायच्या असतील तर उतार वर जाताना तीव्र होत जाईल असा आजच आखा.

बाहेर पडण्याच्या जिन्यांचाही हिशेब पूर्ण आसनसंख्येवर करा. जिन्यावरून मीटर रुंदीला मिनिटाला 66 माणसं धरतात आणि आठ मिनिटांत स्टँड रिकामा व्हायला हवा. 3,000 च्या स्टँडला सुमारे 5.7 मीटर जिना लागतो, 5,000 चा झाला तर साडेनऊ मीटर. खुर्च्या नंतर वाढवता येतात, जिने नाही.

आकडेमोड

यात एक भर. कॅन्सस सिटीसारखं स्वतःचं स्टेडियम असलं की नाव देण्याचे हक्क, खाण्यापिण्याचे गाळे, पार्किंग आणि सामना नसलेल्या दिवसांचं भाडं महिला क्लबच्याच खात्यात येतं. मोठ्या स्टेडियममध्ये भाडेकरू म्हणून खेळताना यातला बराचसा भाग मालकाकडे राहतो, मग गेटवर 30,000 आले तरी. एकाच मालकाचे दोन संघ असले तरी महिला संघाची वही वेगळी ठेवा आणि कोणत्या सामन्याचं काय उत्पन्न त्यात जमा होतं हे हंगामाआधी लिहून घ्या. वही वेगळी नसेल तर हा संघ तोट्यात आहे की नफ्यात, हे कोणीच सिद्ध करू शकत नाही, आणि पैसे कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते.