'जय भीम कॉम्रेड' पाहून तुमच्यात काय हललं?

आनंद पटवर्धनांची ही डॉक्युमेंटरी काल तिसऱ्यांदा पाहिली. तीन तासांच्या वर आहे, तरी जागची उठले नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, १० जण गेले. मग काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. आयुष्य डाव्या चळवळीत गेलेलं, पण जाताना डोक्याला निळी पट्टी बांधलेली. तुम्हाला काय वाटलं, काय केलंत ते लिहा, लांबलं तरी चालेल.

–

मी घाटकोपरचीच. तेव्हा नववीत होते, घरात बोलणं एवढंच की हायवे बंद आहे, आज क्लासला जाऊ नकोस. फिल्म बघितल्यावर पुढच्या ११ जुलैला पहिल्यांदा तिथे गेले. एका मावशीने विचारलं, तुमचं कोण गेलं होतं? मला बोलताच आलं नाही.

–

माझी आजी १४ एप्रिलला चाळीत भीमगीतं गायची आणि आम्हा पोरींना लाज वाटायची, हॉस्टेलवर तर मी कुणाला कळूही दिलं नव्हतं की मला ती येतात. फिल्ममधे शीतल साठे ज्या खड्या आवाजात गाते ना, ते ऐकून रात्रीच आजीला फोन लावला आणि नुसती रडले. सुट्टीत वही घेऊन बसले तिच्यापुढे. ४७ गाणी सांगितली तिने, मधेच कडवं विसरली की शेजारच्या काकू दारातून पुढची ओळ सांगायच्या.

–

नक्षलवाद्यांशी संबंधाच्या आरोपामुळे भूमिगत झालेले शीतल साठे आणि त्यांचे पती, शाहीर सचिन माळी, २०१३ ला विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले, त्या तेव्हा गरोदर होत्या. फिल्म नुकतीच पाहिलेली, त्यामुळे बातमी वाचून पान उलटताच येईना. कॉलेजात सह्या गोळा केल्या. वडील महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी.

–

वहीवाल्या ताई, रेकॉर्डिंग केलंत का? घोगरे पटवर्धनांच्याच १९८५ च्या 'हमारा शहर' या डॉक्युमेंटरीमधे गायले होते, म्हणून तर आज त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो.

–

तीनच गाण्यांचं आहे, फोनमधे. मागून कुकरच्या शिट्ट्या येतात. बाकीच्यांच्या चाली काकूंना येतात, रविवारी त्यांच्याकडे जातेय.