मदत हवी आहे: धाकट्या भावासाठी वेगळं घर, पण 'संस्था' नको

नमस्कार मंडळी,

भाऊ २६ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. आई-बाबा सत्तरीला टेकले. "आमच्यानंतर याचं कसं?" हे घरात आजवर कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. मागच्या महिन्यात बाबा चार दिवस हॉस्पिटलात होते, आई त्यांच्याजवळ, माझी दोन्हीकडे पळापळ. चौथ्या रात्री त्यानंच विचारलं, "तू आजारी पडलीस तर माझ्याजवळ कोण?" तेव्हापासून जागा शोधतेय.

अंघोळ, कपडे, वॉशिंग मशीन लावणं, ठरलेल्या रस्त्यानं जाऊन येणं हे त्याला जमतं. पैशांचा हिशेब जमत नाही, औषधाची आठवण करावी लागते आणि कोणी गोड बोललं की हातातली वस्तू देऊन मोकळा होतो. रात्री एकटा कधी राहिलेला नाही. चोवीस तास डोक्यावर बसणारं कोणी नको, पण हाकेला ओ देणारं माणूस हवं.

दोन जागा पाहिल्या. पहिली स्वच्छ, हवेशीर, बागबिग सगळं. पण बारा जणांचे टूथब्रश एकाच डब्यात, टीव्हीचा रिमोट ऑफिसच्या कपाटात आणि खोल्यांना आतून कडीच नाही. सुरक्षेसाठी, म्हणाले. असेलही. बाहेर पडल्यावर हा एवढंच म्हणाला, "दार माझं नाही." दुसरीकडे सहाच जण राहतात म्हणून मी खूश, तर साडेआठला दिवे बंद. सगळ्यांचे.

मग वाचायला बसले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात, कलम १९ मध्ये, कुठं आणि कोणाबरोबर राहायचं हे इतरांसारखंच निवडता यावं असं म्हटलंय. करारावरच्या समितीनं २०१७ मध्ये आणखी स्पष्ट केलं: शंभराहून जास्त जणांची संस्था असो, पाच-आठ जणांचं घर असो की एकट्याचं, रोजच्या जगण्यावर आपला ताबा नसेल, मदतनीस कोण हेही दुसरेच ठरवत असतील, तर ते स्वतंत्र राहणं नव्हे. म्हणजे मी डोकी मोजत बसले होते ते चुकलंच.

तर जागा बघताना नेमकं काय विचारायचं? आणि त्याचं मत कसं काढून घ्यायचं? "आवडलं का?" म्हटलं की तो हो म्हणतो. कशालाही.

प्रतिसाद १
ताई, माझी मुलगी ३१ ची, ऑटिझम आहे. तीन वर्षं दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते, मदतनीस पाळीनं येतात. एकच कळकळीचं सांगणं: घर आणि मदत एकाच हातात देऊ नका. भाडेकरार वेगळा, मदतीचा करार वेगळा. आमचं सुरुवातीला दोन्ही एकत्र होतं. मदतनीसाबद्दल तक्रार केली, तर "मग जागा सोडा" असं ऐकावं लागलं.

कळवून दुपारी जाल तर सगळीकडे छानच दिसतं. रात्री नऊला जाऊन बघा. माणसं किती दिवस टिकतात ते विचारा. दर दोन महिन्यांनी नवा चेहरा आला की आमच्या मुलांची घडी विस्कटते.

हो म्हणायची सवय आमच्याकडेही आहे. फोटो काढा आणि 'हवं', 'नको' असे दोन डबे ठेवा. तुम्ही समोर बसू नका, आपला चेहरा बघून उत्तर देतात.

प्रतिसाद २
एक कडू पण गरजेचं. डाउन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र जास्तीचं असतं. अल्झायमरशी संबंध असलेलं एक जनुक त्याच्यावरच आहे, त्यामुळे विसरभोळेपणा चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. तेव्हा मदत वाढवून तिथंच ठेवतील की बाहेर काढतील, ते लेखी घ्या. आणि आज त्याला काय काय येतं त्याचे व्हिडिओ करून ठेवा. पुढं डॉक्टरांना तुलनेला हेच लागतात.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. व्हिडिओ सुरू केलेत, मशीन लावताना तो फार भाव खातो.

फोटोंचं काल केलं. दोन्ही जागा 'नको'मध्ये. घरातल्या त्याच्या खोलीचा फोटो सहज म्हणून ठेवला होता, तोही 'नको'. का रे, म्हटलं तर, "आई न विचारता येते."

आईला अजून सांगितलेलं नाही. दोन वेगळे करार कसे लिहितात याचा नमुना कोणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.