फ्लश ड्रॉवर कॉल करायचा का?
पोकरमध्ये (टेक्सस होल्डेम) हातात दोन बदाम आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, आणखी दोन. फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पानं) एकच पान कमी, हाच फ्लश ड्रॉ. मग कॉल करत, म्हणजे समोरच्याने लावल्या तितक्या चिप्स भरत राहायचं का? आधी पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, बघा. तेरापैकी नऊ बदाम उरले, न दिसलेली पानं 47. म्हणजे पुढच्याच पानाला फ्लश लागायची शक्यता जेमतेम 19 टक्के. पॉटमध्ये 100 चिप्स असताना समोरच्याने 100 लावले, तर 200 जिंकायला 100 भरावे लागतात, आणि निव्वळ त्या पानाच्या भरवशावर असा कॉल करणं आतबट्ट्याचं. 20 च लावले असतील तर 120 साठी 20 च भरायचे, खुशाल करा. बरं, हातातले बदाम दुर्री-पंजी असतील तर फ्लश लागूनही मोठ्या फ्लशकडून मार खाल. नवखे नेमके तिथेच सगळ्या चिप्स घालवतात. टेबलावर जोडी दिसली तर फुल हाउसचीही (तीन सारखी आणि दोन सारखी पानं, फ्लशपेक्षा वरचढ) धास्ती आहेच.