सूडाचे वेस्टर्न: तो घोडेस्वार कोण, हे न कळताही का आवडतात?

दौंडकरीण

माझे बाबा स्टेशन मास्तर होते. दौंड-मनमाड मार्गावरच्या लहान स्टेशनांत त्यांची बरीचशी नोकरी झाली. त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८). त्यातली पहिली दहा मिनिटं घरात कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. ओसाड स्टेशन, गाडीची वाट बघत बसलेले तिघे बंदूकवाले. पवनचक्की करकरतेय, एकाच्या टोपीवर पाण्याचा थेंब टपटपतोय, दुसऱ्याच्या दाढीवर माशी फिरतेय. तारयंत्राची कटकट नको म्हणून तो माणूस तारा उपटतो, तेव्हा बाबा दर वेळी हळहळायचे. "रात्रपाळीला गाडी यायच्या आधी अस्संच वाटतं बघ," असं सांगायचे.

त्यांना जाऊन आठ महिने झाले. त्यांच्या हार्ड डिस्कवर 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर' (१९७३) सापडला. क्लिंट ईस्टवूडनं स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या घोडे-बंदुकांचा सिनेमा. परवा रात्री एकटीनं बघितला आणि झोप उडाली. तीन गुंड तुरुंगातून सुटून येणार म्हणून भेदरलेलं गाव एका अनोळखी घोडेस्वाराला (हाही ईस्टवूडच) राखणीला ठेवतं. आणि तोच गावाची दैना करतो. चर्चसकट सगळी घरं लाल रंगवून घेतो, वेशीवरच्या पाटीवर 'लागो' हे गावाचं नाव खोडून 'नरक' लिहितो. तो भला माणूस नाही, तो कोण हेही शेवटी कुणी उघड सांगत नाही. तरी मी जागची हलले नाही. इतकं काळं, इतकं गूढ असूनही हे सिनेमे आपल्याला धरून का ठेवतात? शेवट फोडलात तरी चालेल.

रानवारा

ताई, माझ्या मते खरी गंमत क्रमात आहे. सूड आधी दिसतो, त्याचं कारण मागून येतं. तुमच्या बाबांच्या सिनेमात नायक चार्ल्स ब्रॉन्सन हार्मोनिका वाजवत फिरतो, नाव विचारलं की मेलेल्या माणसांची नावं सांगतो. मध्ये मध्ये एक धूसर आकृती आपल्याकडे चालत येताना दिसते. ती कुणाची, आणि त्या हार्मोनिकाचा संबंध काय, हे थेट शेवटच्या द्वंद्वात कळतं. मोठा भाऊ गळ्यात फास घेऊन धाकट्याच्या खांद्यावर उभा, आणि खलनायक हेन्री फोंडा हसत हसत त्या पोराच्या तोंडात हार्मोनिका कोंबतो. आपण दोन-अडीच तास त्या एका दृश्याची वाट बघत असतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं.

आपल्याकडे 'शोले'त (१९७५) हेच काम ठाकूरची शाल करते. होळीच्या दिवशी तो बंदूक का उचलून देत नाही, म्हणून जय-वीरू चिडतात, आपणही चिडतो. मग ती शाल उडते.

करवंद

'हाय प्लेन्स ड्रिफ्टर'बद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. सुरुवातीलाच तो घोडेस्वार एका बाईवर बलात्कार करतो, आणि तिला ते आवडलं असं सिनेमा सुचवतो. मी तिथेच बंद केला होता. गूढ, सूड सगळं मान्य, पण या एका गोष्टीला कुठलंच कारण पुरत नाही. दौंडकरीण, तुम्ही ते कसं पचवलंत?

दौंडकरीण

करवंद, नाही पचलं. ते दृश्य चुकीचंच आहे, आणि बाबांबरोबर बसून मी ते कधीच बघू शकले नसते. ते कापून टाकलं असतं तरी सिनेमाचं काही बिघडलं नसतं, उलट तो स्वच्छ झाला असता.

तरी मी शेवटपर्यंत का बघत राहिले ते सांगते. गावाचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, जिम डंकन. गावाची खाण सरकारी जमिनीवर आहे हे त्याला कळतं, तो ते वर कळवणार असतो. म्हणून त्याला भर रस्त्यात चाबकानं मरेस्तोवर मारतात. मारणारे तिघेच, पण बघणारं अख्खं गाव. कुणी पुढे येत नाही. त्याला पुरतात तेही बिननावाच्या थडग्यात. हॉटेलवाल्याची बायको एका प्रसंगी बोलून जाते, की खुणेचा दगड नसेल तर मेलेल्याला शांती मिळत नाही म्हणतात.

तिथे माझ्या अंगावर काटा आला. बाबांच्या दहाव्याला भीमेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं, भटजी थांबले, काका एकेक इच्छा आठवून बोलत होते. शेवटी माझा भाऊ पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही." मग कावळा आला. कुणी काहीही म्हणो, आम्ही सगळे तेव्हा रडलो.

म्हणून मला तो घोडेस्वार परका वाटला नाही. ज्याचं काहीतरी राहून गेलंय असा तो आहे. उन्हाच्या झळांतून हलत हलत येतो, शेवटी तसाच विरून जातो. रस्त्यात कुणी गाडीवान चाबूक वाजवतो तर दचकतो. हॉटेलात झोपल्यावर त्याला मार्शलचं मरण स्वप्नात दिसतं. तीच मारहाण नंतर बुटका मॉर्डेकाय आठवतो, जो तेव्हा लपून बघत होता. मॉर्डेकायला ती दिसली, कारण तो तिथे होता. मग झोपलेल्या परक्या माणसाला कशी दिसली?

शेवटी मॉर्डेकाय दगडावर नाव कोरत बसलेला असतो. म्हणतो, तुमचं नाव मला कळलंच नाही. घोडेस्वार म्हणतो, तुला ठाऊक आहे. आणि आपल्याला दगडावरचं नाव दिसतं.

रानवारा

पटकथेत तो घोडेस्वार मार्शलचा भाऊ होता. ईस्टवूडनं ते पडद्यावर येऊ दिलं नाही. आणि फटके खाणारा मार्शल झालाय बडी व्हॅन हॉर्न, म्हणजे धोक्याच्या दृश्यांत ईस्टवूडच्या जागी उभा राहणारा त्याचाच स्टंट डबल! चेहरा ओळखीचा वाटतो तो म्हणूनच. ते गाव कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकच्या काठी मुद्दाम उभारलं होतं. मागचं ते खारं, निपचित पाणी बघितलंत ना?

करवंद

पिंडाचं वाचून गप्प झाले. मग तुम्ही सर्जिओ कोरबुच्चीचा 'द ग्रेट सायलेन्स' (१९६८) बघा. वाळवंट नाही, सगळीकडे बर्फ. नायक मुका, लहानपणी त्याचा गळा कापलेला. सूड घ्यायला येतो, आणि त्याच्यासकट सगळे निरपराध मारले जातात. पैशासाठी माणसं मारणारा क्लाउस किन्स्की शांतपणे निघून जातो. तिथे कुणाला दगड नाही, नाव नाही. मला तो आठवडाभर सोडत नव्हता.

दौंडकरीण

बघते. रविवारी भाऊ आईला घेऊन येतोय, ती झोपल्यावर आम्ही दोघं लावू. त्याआधी बाबांच्या स्टेशनवाली दहा मिनिटं.