१८५० च्या अमेरिकन जनगणनेतल्या पत्नीचं माहेर कसं शोधायचं? (केंटकी – इंडियाना – आयोवा)

वंशवेल

नमस्कार. एका शेतकरी कुटुंबाची वंशावळ मागे न्यायची आहे. हाती आहे ते असं:

१८५०, इंडियाना: कुटुंबप्रमुख ३६ वर्षांचा, जन्म व्हर्जिनिया. मेरी, २६, जन्म केंटकी. मुलं १२ आणि १० वर्षांची (जन्म केंटकी), ८ आणि २ वर्षांची (जन्म इंडियाना). याच घरात ६१ वर्षांची एक बाई, आडनाव वेगळं, जन्म नॉर्थ कॅरोलिना.

१८६०, आयोवा: तोच प्रमुख, मेरी ३७, धाकटी तीन मुलं वाढलेली. म्हातारी दिसत नाही.

१८८०, आयोवा: मेरी ५६, विधवा, मुलाच्या घरी. तिचे आईवडील दोघंही नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेले.

१८७० मध्ये हे कुटुंब कुठल्याच निर्देशांकात (नोंदींच्या नावसूचीत) सापडत नाही. केंटकीतल्या लग्नांच्या निर्देशांकात १८३६ चं एक लग्न दिसतं. वराचं नाव अगदी जुळतं, पण वधूचं नाव सुसान आहे. ते सोडून द्यायचं का? मेरीचं माहेरचं आडनाव आणि या माणसाचे वडील, दोन्ही हवं आहे.

दप्तरखाना

सोडू नका, तेच लग्न तुमचं असण्याची शक्यता जास्त आहे.

आधी वयं तारखांत बदलून घ्या. १८५० ते १८८० या चारही जनगणनांचा अधिकृत दिवस १ जून होता आणि वय त्या दिवसापर्यंत पूर्ण झालेलं लिहायचं होतं. प्रगणक ऑगस्टमध्ये दारात आला तरी हिशेब १ जूनचाच. म्हणजे १८५० मध्ये २६ वर्षांची मेरी २ जून १८२३ ते १ जून १८२४ या काळात जन्मली. १२ वर्षांचं मूल जून १८३७ ते जून १८३८ मधलं. तेव्हा मेरी तेरा-चौदा वर्षांची होती, म्हणजे ती त्या मुलाची आई असणं फार अवघड. त्यात ८ आणि २ या वयांमधली सहा वर्षांची पोकळी. शेतकरी घरात मुलं साधारण दोन-दोन वर्षांनी होत, त्यामुळे एवढी पोकळी दिसली की बालमृत्यू किंवा पहिल्या पत्नीचा मृत्यू, या दोन गोष्टी आधी तपासायच्या.

१८५०, १८६० आणि १८७० च्या तक्त्यांत कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकानाच नाही. तो १८८० मध्ये आला. प्रमुख, मग बाई, मग मुलं या क्रमावरून आपण नातं गृहीत धरतो आणि नव्वद टक्के वंशावळी इथेच वाकड्या होतात. १८८० मध्येसुद्धा नातं फक्त प्रमुखाशी लिहिलेलं आहे. 'मुलगा' म्हणजे त्याचा मुलगा, शेजारच्या ओळीतल्या बायकोचा असेलच असं नाही.

याची एक पक्की चाचणी आहे. १८८० पासून प्रत्येकाच्या वडिलांचं आणि आईचं जन्मस्थान लिहायला सुरुवात झाली. तुमची थोरली तीन मुलं तेव्हा ४२, ४० आणि ३८ च्या आसपास असतील, स्वतःच्या घरात. त्यांच्या नोंदी शोधा आणि आईचा रकाना पाहा. मग धाकट्यांच्या नोंदीतला तोच रकाना पाहा. थोरले एक राज्य सांगतात आणि धाकटे केंटकी, असं निघालं तर दोन आया होत्या हे जवळजवळ ठरलं. मुलगी असेल तर तिचं आडनाव बदललेलं असणार, म्हणून आधी इंडियाना आणि आयोवातल्या लग्ननोंदी पाहाव्या लागतील.

मेरी १९०० पर्यंत जगली असेल तर ती नोंद चुकवू नका. त्यात जन्माचा महिना आणि साल आहे, शिवाय बाईला एकूण किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हेही विचारलेलं आहे. घरात वाढलेल्या मुलांपेक्षा हा आकडा तीनने कमी आला तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

कागदपत्री

वरच्या उत्तराला जोड. दोन लग्नं शोधायची आहेत आणि दोन्ही राज्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत.

दुसरं लग्न: ८ वर्षांचं मूल जून १८४१ ते जून १८४२ मधलं, २ वर्षांचं जून १८४७ ते जून १८४८ मधलं. म्हणून शोध १८४१ ते १८४८ या काळात. इंडियानात लग्नाचा परवाना काउंटीचा (जिल्ह्याचा) क्लार्क देत असे. वहीत दोघांची नावं, परवान्याची तारीख, लग्न लावणारा पाद्री किंवा न्यायाधीश आणि त्याने परत कळवलेली तारीख एवढंच मिळतं. आईवडिलांची नावं त्या काळच्या वहीत नसतात, त्यामुळे नुसत्या लग्ननोंदीवरून माहेर ठरत नाही. आणि वधूचं आडनाव माहेरचंच असेल असंही नाही. २२-२३ वर्षांची विधवा त्या काळात काही दुर्मीळ नव्हती आणि क्लार्क दर वेळी 'मिसेस' लिहीत नसे.

तारखांकडे लक्ष द्या. निर्देशांकात दिसणारी तारीख अनेकदा परवान्याची असते, लग्नाची नव्हे. परवाना काढून लग्न झालंच नाही अशाही नोंदी आहेत. पाद्रीने कळवलेली तारीख वहीत असेल तरच लग्न झालं असं धरा.

पहिलं लग्न: केंटकीत लग्नाआधी जामीनपत्र लिहून द्यावं लागे. वर आणि त्याच्यासोबत एक जामीनदार, लग्नाला कायदेशीर अडथळा नाही याची हमी देत. रक्कम आधी भरायची नसे, अडथळा निघाला तरच ती वसूल होई. आपल्या कामाचा आहे तो जामीनदार. तो बहुधा वधूचा बाप, भाऊ किंवा जवळचा नातेवाईक असतो. वधू २१ च्या आतली असेल तर वडिलांच्या किंवा पालकाच्या सहीची संमतीची चिठ्ठी असायची, कधी जामीनपत्राला टाचलेली तर कधी वेगळ्या पाकिटात. निर्देशांक करणाऱ्यांनी या चिठ्ठ्या बहुतेक वेळा घेतलेल्याच नाहीत. म्हणून मूळ कागदाची प्रतिमा उघडा आणि आधीच्या-नंतरच्या दोन-तीन प्रतिमाही पाहा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर केंटकीच्या बऱ्याच काउंट्यांचे कागद विनामूल्य आहेत. नावाने शोधून मिळालं नाही तर कॅटलॉगमध्ये काउंटी निवडून वही पानापानाने पाहता येते.

परवाना वधू राहते त्या काउंटीतून निघत असे. म्हणजे १८३६ ची काउंटी ही सुसानच्या माहेरची काउंटी. नवरा शेजारच्या काउंटीतलाही असू शकतो.

शिरगणती

त्या ६१ वर्षांच्या बाईबद्दल सावध राहा. ती नॉर्थ कॅरोलिनाची, मेरीचे आईवडीलही नॉर्थ कॅरोलिनाचे, म्हणून ती मेरीची आई, हे फार घाईचं होईल. नॉर्थ कॅरोलिनातून केंटकीत आणि तिथून इंडियानात गेलेली कुटुंबं असंख्य होती. ती सुसानची आई असू शकते, मुलीमागे नातवंडांसाठी राहिलेली. तिचं आडनाव दोन्ही लग्नांतल्या वधूंच्या आडनावांशी ताडून पाहा. सुसानच्या जामीनपत्रावरचं आडनाव जुळलं तर ती तिकडची. इंडियानाच्या नोंदीतलं मेरीचं आडनाव जुळलं तर मेरीची. दोन्ही नाही जुळलं तर बाईचं दुसरं लग्न झालेलं असेल किंवा मेरी आधीची विधवा असेल.

जनगणनेसोबत केलेली मृत्यूंची वेगळी यादी प्रत्येक जण सुचवेल, पण सुसानसाठी तिचा उपयोग नाही. १८५० ची यादी जून १८४९ ते मे १८५० मधल्या मृत्यूंची आहे आणि सुसान त्याआधी गेलेली आहे. म्हातारीसाठी मात्र १८६० ची यादी जरूर पाहा.

सुसानचं माहेर पक्कं करायला वारसाहक्काचे कागद सर्वांत बळकट. तिचे वडील नंतर वारले असतील तर मेलेल्या मुलीचा हिस्सा तिच्या मुलांना गेला असणार. मुलं अज्ञान असल्याने पालक नेमावा लागे, तो बहुधा बापच असे, आणि त्याचं जामीनपत्र काउंटी न्यायालयात असे. अशा एका कागदावर आजोबा, मृत मुलगी, जावई आणि नातवंडं एकत्र येतात.

वंशवेल

खूप आभार. थोरल्या मुलाची १८८० ची नोंद मिळाली: आईचा जन्म व्हर्जिनिया. धाकट्याच्या नोंदीत केंटकी. आता १८७० चं काय करायचं? आणि वडिलांच्या शोधाला व्हर्जिनियात कुठून सुरुवात करू?

दप्तरखाना

उत्तम, दोन आयांचा प्रश्न बराच मिटला. तरी अजून एका थोरल्या भावंडाची नोंद काढा. माहिती घरातल्या कुणी दिली हे १८८० च्या तक्त्यात लिहिलेलं नाही आणि सुनेने सासूचं जन्मस्थान अंदाजाने सांगितलेलं असू शकतं.

१८७० साठी आडनाव पूर्ण सोडून द्या. मुलाचं पहिलं नाव, वय दोन वर्षं अलीकडे-पलीकडे, जन्मस्थान इंडियाना, राज्य आयोवा, एवढ्यावर शोधा. त्या काळच्या अक्षरात दोन 'एस' एकत्र आले की पहिला लांबट लिहीत, तो निर्देशांक करणाऱ्याला 'एफ' किंवा 'पी' वाटतो. 'एल' आणि 'एस', 'आय' आणि 'जे', 'टी' आणि 'एफ' यांचीही सतत गल्लत होते. आडनावांना उच्चारावरून कोड देणारी साउंडेक्स पद्धत बऱ्याच चुका झाकते, स्मिथ आणि श्मिट दोघांचाही कोड एस-५३० येतो. पण पहिलं अक्षर चुकलं की ती निकामी: 'के'ने लिहिलेला क्लाइन आणि 'सी'ने लिहिलेला क्लाइन वेगवेगळ्या कोडात जातात.

तेही जमलं नाही तर १८६० मधले आजूबाजूचे दहा-बारा शेजारी घ्या, त्यांना १८७० मध्ये शोधा आणि ते सापडतील त्या टाउनशिपची (काउंटीच्या छोट्या भागाची) पानं ओळीने वाचा. कंटाळवाणं आहे, पण शेतकरी कुटुंबांसाठी सहसा हाच मार्ग यशस्वी होतो. शेजाऱ्यांची ती यादी जपून ठेवा, लग्नाचे साक्षीदार आणि जामीनदार त्यातच निघतात.

आयोवाची राज्य जनगणनाही पाहा. १८५६ च्या जनगणनेत माणूस राज्यात किती वर्षं आहे हे लिहिलेलं आहे, त्यावरून इंडियाना सोडल्याचं साल मिळतं. १८९० च्या राष्ट्रीय जनगणनेवर वेळ घालवू नका. वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीनंतर ती जवळपास सगळी गेली.

शिरगणती

वडिलांसाठी: १८४० आणि त्याआधीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीचे वयोगटाच्या रकान्यांत नुसते आकडे. तरी ते नाकारण्यासाठी फार उपयोगी पडतात. १८४० मध्ये तुमचा माणूस २० ते ३० च्या रकान्यात एक पुरुष, आणि पाच वर्षांखालची दोन मुलं असं दिसायला हवा. तो तेव्हा केंटकीत असेल किंवा इंडियानात. दोन्हीकडे शोधा, कारण १० वर्षांचं मूल केंटकीत आणि ८ वर्षांचं इंडियानात जन्मलंय, स्थलांतर त्यामधलं.

मग १८३० मध्ये व्हर्जिनियात किंवा केंटकीत त्याच आडनावाची घरं घ्या. त्याच्यासाठी १५ ते २० च्या रकान्यात एक मुलगा हवा. १८२० मध्ये दहा वर्षांखालच्या रकान्यात. १८२० च्या तक्त्यात १६ ते १८ चे मुलगे १६ ते २६ मध्येही पुन्हा मोजलेले आहेत, बेरीज करताना ते दोनदा धरू नका. ज्या घरात रकाने बसत नाहीत ते बाद. मात्र १८३० मध्ये सोळा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या शेतावर राबत असेल तर बापाच्या घरात तो दिसणारच नाही, म्हणून फक्त १८३० वर घर बाद करू नका.

१७९० ची व्हर्जिनियाची यादी उरलेली नाही. तिच्या जागी वैयक्तिक मालमत्तेच्या करयाद्या वापरा. त्या १७८२ पासून वर्षागणिक आहेत, म्हणून दहा वर्षांनी एकदा येणाऱ्या जनगणनेपेक्षा जास्त बारीक सांगतात. माणूस कुठल्या वर्षी यादीत आला आणि कुठल्या वर्षी नाहीसा झाला हे कळतं. नाहीसा झाला तेव्हाच त्याच नावाचा माणूस केंटकीच्या करयादीत उगवला तर स्थलांतर सापडलं.

आणि १८५० मधलं 'व्हर्जिनिया' म्हणजे आजचं वेस्ट व्हर्जिनियाही असू शकतं, ते राज्य १८६३ मध्ये वेगळं झालं. थोरल्या मुलांच्या १८८० च्या नोंदीत वडिलांच्या रकान्यात 'वेस्ट व्हर्जिनिया' लिहिलंय का, ते पाहा. काउंट्यांच्या सीमाही बदलत गेल्या. कुटुंब जागचं न हलताही कागद दोन-तीन काउंट्यांच्या न्यायालयांत विखुरलेले असतात आणि जुन्या नोंदी सहसा मूळ काउंटीतच राहतात. न्यूबेरी ग्रंथालयाचा ऐतिहासिक सीमांचा नकाशासंग्रह तारीख देऊन बघता येतो, १८३६ ची सीमा त्यावर पाहूनच केंटकीची काउंटी ठरवा.

कागदपत्री

एक राहिलं. नवरा १८६० ते १८८० मध्ये वारला. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) त्याने किंवा एखाद्या मुलाने सैन्यात काम केलं असेल तर पेन्शनची फाइल मागवा. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून त्यात लग्नाची तारीख, ठिकाण, कधी लग्नाला हजर असलेल्यांची शपथपत्रं आणि आधीच्या पत्नीच्या मृत्यूचा उल्लेखही मिळतो. अविवाहित मुलगा युद्धात गेला आणि आई त्याच्या कमाईवर अवलंबून होती, तर आईनेही अर्ज केलेला असतो आणि तिला स्वतःचं लग्न सिद्ध करावं लागतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मागणी करताना पूर्ण फाइल मागा, निवडक पानं नको. शपथपत्रं निवडक पानांतून गळतात.

वंशवेल

मेरीचा एक मुलगा १८६० मध्ये १२ वर्षांचा होता, त्याचं युद्धात जाणं अवघड वाटतं. पण थोरला १८६१ मध्ये २३ चा होता. त्याची फाइल आधी पाहते.

कागदपत्री

पाहा, पण तो मेरीचा सावत्र मुलगा आहे, त्यामुळे तिच्या लग्नाचा पुरावा त्याच्या फाइलमध्ये असण्याची शक्यता कमी. त्याचा अर्ज त्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या विधवेच्या नावावर असेल. त्यात तो कुठे जन्मला हे पाहा. काही अर्जांत काउंटीही दिलेली असते, आणि ती १८३६ च्या जामीनपत्राच्या काउंटीशी जुळली तर सुसानबद्दलची शंका फिटेल. मेरीसाठी मात्र इंडियानातली वहीच पानापानाने वाचावी लागेल, १८४८ पासून मागे मागे.