मदत हवी आहे: आईची शुगर २८ वर आली होती. आयसीयूतून घरी आणलंय, आता गोळ्यांचं काय?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आई ७४ वर्षांची. कराडजवळ गावी बाबांबरोबर असते, मी पुण्यात. पंधरा-सोळा वर्षं मधुमेह आणि बीपी. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, बीपीला टेल्मिसार्टन, त्यातच लघवीचं औषध. गेल्या महिन्यात गुडघे धरले म्हणून मेडिकलमधून अ‍ॅसिक्लोफिनॅक आणली, रोज दोन. मग जुलाब लागले. गावातल्या डॉक्टरांनी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल दिली. दोन दिवस पोटात ताकाशिवाय काही नाही, पण शुगरची गोळी तिने चुकवली नाही. चुकवेल कशी? रोज रात्री फोनवर मीच विचारतो, "गोळी घेतलीस ना?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांना वाटलं गाढ झोपलीय. वहिनी चहा घेऊन गेली तर गाऊन घामाने चिंब, डोळे अर्धे उघडे, जीभ जड. अर्धांगवायूच धरून चाललो होतो. कॅज्युअल्टीत बोट टोचलं, शुगर २८. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत आई विचारते, "मला इथं कशाला आणलं?" आम्ही निघायच्या तयारीत. डॉक्टर म्हणाले, आयसीयूत ठेवा, ही पुन्हा उतरणार. खरं सांगतो, बिल वाढवतायत असंच वाटलं मला. दोन तासांत ४९. रात्री ५५. तीन दिवस ग्लुकोजची सलाइन आणि तासातासाला बोट टोचणं. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की किडनी मंद) २.९, एरवी १.१ असायचं.

मग त्यांनीच कागदावर काढून दाखवलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, माणूस जेवलाय की नाही हे तिला कळत नाही. किडनी मंदावली की तिचा अंश अंगात साचत राहतो, म्हणून ग्लुकोज देऊनही शुगर परत परत पडते. आणि किडनी का मंदावली? जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं, त्यावर टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि दुखण्याची गोळी असं त्रिकूट. ओफ्लॉक्सासिनही मधुमेहाच्या अशा गोळ्यांसोबत शुगर पाडू शकते म्हणे. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, ६.२ होता, त्याचं आम्हाला केवढं कौतुक! डॉक्टर म्हणाले, या वयात एवढा खाली कशाला, ८ च्या आत पुष्कळ झालं.

एकेक गोळी सुटी बघितली तर कुणाचीच चूक सापडत नाही. पण सगळ्या एकत्र कुणी बघितल्याच नाहीत. ग्लिमेपिराइड आता बंद केलीय. माझे प्रश्न: पुन्हा उलट्या-जुलाब झाले तर कुठली गोळी थांबवायची हे बाबांना (वय ७९, चष्मा कायम हरवलेला) कसं समजावलंत तुम्ही? गुडघ्यांचं काय करू? आणि औषधाच्या अशा त्रासाची नोंद कुठे करतात? गावातल्या डॉक्टरांशी वाकडं नकोय, रात्री-अपरात्री तेच धावून येतात.

गोळीबंद:
मी फार्मासिस्ट आहे. डिस्चार्जच्या डॉक्टरांकडून "आजारपणाचा कागद" लिहून घ्या: जेवण जात नसेल, उलट्या-जुलाब असतील तर काय थांबवायचं, कधी परत सुरू करायचं. बहुधा मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध त्यात येईल. पण तो निर्णय त्यांचा, इथे वाचून करू नका. इन्सुलिनवर असलेल्यांनी इन्सुलिन मनानं बंद करायचं नाही, हे इतर वाचकांसाठी. वडिलांसाठी थांबवायच्या पाकिटांवर लाल चिकटपट्टी लावा, चष्मा लागत नाही.

नोंदीसाठी गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे २०१० पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. टोल फ्री १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी दिवसा. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. तो डॉक्टरांविरुद्धचा तक्रारअर्ज नसतो, बिनधास्त भरा. आणि चिठ्ठीशिवाय महिनाभर अ‍ॅसिक्लोफिनॅक देणारा आमच्याच धंद्यातला, त्याबद्दल काय बोलू.

माईंची_लेक:
आमच्याकडे सासूबाईंचं अगदी असंच. फरक एवढाच की त्यांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल होती, त्यामुळे थरथर, धडधड काही जाणवलंच नाही, फक्त घाम. अशी बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलच्या जातीची गोळी) आहे का बघा आईंच्या गोळ्यांत. दादा, ग्लुकोमीटर घरात ठेवाच आणि ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जातं. थेट गाडी. गुडघ्यांना आम्ही पॅरासिटामॉल, शेक आणि फिजिओ यावर आलो. महिनाभर कुरकुर, मग बरं.

कोयनाकाठ:
दोघांचेही आभार. मेटोप्रोलॉल नाहीये, पाकिटं पसरून बघितली. शोधताना दुसऱ्या कंपनीची आणखी एक दुखण्याची गोळी सापडली, आत तेच अ‍ॅसिक्लोफिनॅक. बाबा म्हणतात, "ती वेगळी, ती निळ्या पाकिटातली." लाल पट्टी आणायला पुतण्याला पाठवलंय. ताई, पॅरासिटामॉल दिवसाला किती सांगितलं होतं सासूबाईंना? सोमवारी क्रिएटिनिनचा रिपोर्ट येतोय, तेव्हा डॉक्टरांना आमचा आकडा विचारणारच आहे.